हेड किती?

माणसाला डोकं एकच असतं, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. काहींना तेही नसतं, अशी पुरवणी मी नोकरीत असताना साहेबांच्या माघारी जोडत असे. पण एकापेक्षा जास्त डोकी फक्त रावणाला आणि ब्रह्मदेवाला, याबद्दल मला कधी शंका आली नाही. ती आली मोटरपंपाच्या दुकानात.

आमचे मामा एकोडीचे. एकोडी नावाची गावं दोन. एक भंडारा जिल्ह्यात, साकोली तालुक्यातलं, आणि दुसरं गोंदियाकडचं. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. तोवर ही दोन्ही गावं एकाच भंडारा जिल्ह्यात सुखाने नांदत होती आणि एकाची पत्रं दुसऱ्याला जात होती. आमच्या मामांची एकोडी ती साकोलीची. म्हणजे एका नावाचे दोन अर्थ असतात आणि त्यापायी माणसाला हेलपाटे पडतात, हे ज्ञान मला मामांच्या पत्त्यापासूनच मिळालेलं. पुढे जे झालं त्याची ही नांदी होती म्हणायची.

तर मामांना विहिरीवर पंप बसवायचा होता. चाळीस वर्षं नागपुरात कारकुनी केलेला, घरी इंग्रजी वर्तमानपत्र घेणारा (वाचणारा असं मी म्हणत नाही) भाचा आयताच पाहुणा आलेला. मामांनी मला सोबत घेतलं. दुकानदाराने वहीतून मान वर न काढता विचारलं,

"हेड किती?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी मामाच म्हणाले, "दोन हाओ ना जी. मी अन् हे आमचे भाचेबाबू."

दुकानदार हसला. दुकानातला पोऱ्या हसला. पाइपावर बसलेलं एक गिऱ्हाईकही हसलं. मीही हसलो. माझं हसणं मात्र सर्वांत मोठं आणि सर्वांत खोटं होतं, कारण मला वाटलं होतं की तो चहा किती सांगू म्हणून विचारतोय.

पंपाचं 'हेड' म्हणजे पाणी किती उंच चढवायचं ते. विहिरीतल्या पाण्यापासून पंपापर्यंतची उंची, पंपापासून पाणी जिथे पडणार तिथपर्यंतची उंची, आणि पाइपातून जाताना घासून, वळणं घेऊन पाण्याचा जो जोर मरतो त्याची भर, या सगळ्यांची बेरीज म्हणजे हेड. पंपाच्या पाटीवर ते मीटरमध्ये लिहिलेलं असतं. हेड कमी पडलं तर मोटर घों घों करते आणि पाणी पाइपात अर्ध्यावर येऊन विचार करत उभं राहतं. गरजेपेक्षा फार जास्त हेडचा पंप घेतला तर पैसे जास्त आणि वीजही वाया. म्हणजे प्रश्न अगदी रास्त होता. फक्त "पाणी किती उंच चढवायचं हाय?" असं विचारलं असतं, तर मामांनी विहिरीची खोली हातात, फुटात आणि उन्हाळ्यात कितीने उतरते त्या हिशेबासकट सांगितली असती. ज्याला सगळं ठाऊक होतं तो अडाणी ठरला, आणि ज्याला काही ठाऊक नव्हतं तो भाचा सुशिक्षित म्हणून खुर्चीवर बसून राहिला.

त्या दिवसापासून मी या 'हेड'च्या मागे लागलो. पाहतो तो काय, शब्द सगळीकडे पसरलेला! शाळेत हेडमास्तर, कचेरीत हेडक्लार्क, मुंबईत हेड ऑफिस. गाडीला हेडलाइट. ट्रॅक्टर बंद पडला तर मेकॅनिक कपाळाला हात लावून सांगतो, "हेड खोलावं लागेल." आपल्याला वाटतं आता आपलंच खोलतो की काय. कॅसेटच्या जमान्यात टेपरेकॉर्डरलाही हेड असे. लता मंगेशकरांचा आवाज घोगरा यायला लागला की कापसाचा बोळा स्पिरिटात बुडवून आम्ही ते हेड पुसत असू. सहलीची वर्गणी 'पर हेड'. कोबीच्या गड्ड्यालाही साहेब हेडच म्हणतो आणि गुराढोरांची मोजदादही हेडनेच करतो. खिळ्याला हेड, हातोडीला हेड, नाण्याच्या एका बाजूला हेड आणि दुसऱ्या बाजूला शेपूट.

हे सगळं मी आमच्या एका प्राध्यापक मित्राला सांगितलं. हा गृहस्थ इंग्रजी शिकवतो आणि मराठीत फक्त रागावतो. तो म्हणाला, "हीच तर इंग्रजीची श्रीमंती! एका शब्दाचे पन्नास अर्थ. तुमच्या मराठीत आहे का असं काही?"

आता मात्र माझं डोकं फिरलं. आणि वाचकहो, डोकं फिरलं म्हणजे काय झालं? ते भोवऱ्यासारखं गरगरलं का? नाही. आपण डोकं खातो, डोकं लढवतो, डोकं चालवतो, आणि डोकं चालत असलं तरी ते जागचं हलत नाही. पोराला डोक्यावर बसवतो, पुढाऱ्याला डोक्यावर घेतो, आणि दोघांचाही डोक्याला ताप होतो. पाणी डोक्यावरून जातं, राग डोक्यात जातो, संकट डोकं वर काढतं. आणि हे नुसत्या 'डोकं'चं झालं. त्याच अवयवाला आपल्याकडे डोई आहे, माथा आहे, मस्तक आहे, शिर आहे. रागावल्यावर टाळकं आहे, कापायचं असल्यास मुंडकं आहे, नशिबाला दोष द्यायचा तर कपाळ आहे. मामांच्या गावात तेच 'डोस्कं' होतं. डोस्कं म्हटलं की त्यात डोक्यापेक्षा थोडी जास्त ऊब आणि थोडी जास्त चीड असते. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आमच्या त्या झाडीबोलीचा शब्दकोश केला. मराठी भाषेची गरिबी मोजायला निघालेल्या प्रत्येक प्राध्यापकाने आधी असा एखादा कोश उघडावा आणि मग तोंड उघडावं.

पण मित्राला उत्तर द्यायच्या भरात मी थोडा खोल गेलो आणि तिथे जे सापडलं त्याने मलाच गप्प केलं. राज्यकारभारातलं डोकं आपण इंग्रजांकडून पहिल्यांदा उसनं घेतलं, असं मुळीच नाही. त्याआधी फारसी डोकं आपल्याकडे मुक्कामाला होतं. फारसीत 'सर' म्हणजे डोकं. सरदार, सरहद्द, सरकार, सगळी तीच डोकी. आपला सरपंच म्हणजे पाचांचं डोकं. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात सरनौबताचा सेनापती झाला. पण सरकार आणि सरपंच हे शब्द मात्र आजवर हललेले नाहीत, आणि कुणी हलवून पाहावेत असं मला वाटतही नाही. मग इंग्रजांचं 'सर' आलं. ते वेगळं. त्याचा फारसी डोक्याशी संबंध नाही. पण आपल्या शाळांत या सगळ्यांचं एकत्र कुटुंब झालं आणि हेडमास्तरांना पोरं 'हेडसर' म्हणू लागली. फारसी कानाने ऐकलं तर हेडसर म्हणजे डोकं-डोकं! एका खुर्चीवर दोन डोकी. शाळेचा कारभार पाहता ही संख्या जास्त आहे असं कुणी म्हणणार नाही.

इथे आमचे दुसरे एक स्नेही पुढे सरसावले. हे भाषाशुद्धीवाले. त्यांचं म्हणणं, हेड नको, सर नको, स्वच्छ 'मुख्याध्यापक' म्हणा. मी म्हटलं, जरूर. शब्द सुंदर आहे आणि आता रुळलाही आहे. पण त्याच्या पोटात काय आहे ते पाहिलंत का? 'मुख्य' हा शब्द आला 'मुख' यावरून. म्हणजे साहेबाने शाळा डोक्याच्या हवाली केली आणि आपण ती तोंडाच्या हवाली केली. प्रमुख तोच, मुख्यालय तेच, आणि मुख्यमंत्रीही तेच. मी कुणावर टीका करीत नाही. मी फक्त व्युत्पत्ती सांगतोय.

गंमत पुढेच आहे. इंग्रजीचा स्वतःचा कारभार तरी कुठे स्वतःच्या डोक्याने चालतो? लॅटिनमध्ये डोक्याला 'कापुत' म्हणतात. त्यातून त्यांचा कॅप्टन निघाला, कॅपिटल निघालं, चीफ निघाला आणि गुराढोरांसाठी असलेला कॅटल हा शब्दही त्याच घराण्यातला. म्हणजे भांडवल, राजधानी, सेनापती आणि बैल ही सगळी एकाच डोक्याची लेकरं. 'पर कॅपिटा' म्हणजे दर डोक्यामागे. आपण त्याचं 'दरडोई' केलं, आणि माझ्या मते सरकारी मराठीत जे चार-दोन जिवंत शब्द आहेत त्यांत याचा नंबर वरचा. 'पोल' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही डोकंच. तेव्हा मतदान म्हणजे मुळात डोकी मोजणं. डोक्यात काय आहे ते मोजायची सोय अजून निघालेली नाही.

आणि एकदा तरी आपल्या डोक्याने साहेबाच्या भाषेवर मात केली आहे. मुंबईच्या बाजारात आणि गोदीत डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांचा कायदा झाला १९६९ साली. त्यांना इंग्रजीत काय म्हणावं? इंग्रजी कायद्याच्या नावातही शब्द बसला तो 'माथाडी'. ज्याच्या माथ्यावर ओझं, त्याचाच शब्द. मला विचाराल तर भाषेचा विजय म्हणतात तो हा. कोश करणाऱ्यांनी तो मिळवला नाही, ओझं वाहणाऱ्यांनी मिळवला.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण पुढच्याच पावसाळ्यात मामांचं कार्ड आलं की एकदा येऊन जा, कचेरीत जायचं आहे.

मामांच्या दोन बांध्या नहराच्या अगदी शेवटी. भंडारा हा तलावांचा जिल्हा. मालगुजारांच्या काळातले शेकडो तलाव अजून आहेत. मालगुजारी गेली, त्यांचं सरकारी नाव झालं 'माजी मालगुजारी तलाव' आणि त्याचं लघुरूप 'मामा तलाव'. तलावाला मामा म्हणणारा मुलूख मला तरी दुसरा ठाऊक नाही. तर अशाच एका नहराच्या टोकाला आमचे मामा. मधे एके ठिकाणी नहर फुटलेली. वरच्यांची रोवणी आटोपली, खालच्यांचे पऱ्हे वाफ्यातच पिवळे पडायला लागले. धानाच्या रोवणीला मुहूर्त पंचांगात नसतो, पाण्यात असतो. आठ-पंधरा दिवस गेले की वर्ष गेलं.

कचेरी कुठली ते सांगत नाही. सगळ्या कचेऱ्या आतून सारख्याच असतात. टेबलामागचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी बसायला सांगितलं, फाइल काढली आणि म्हणाले, "काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण या हेडवर पैसा नाही."

मामांनी नकळत आपल्या डोक्यावरून हात फिरवला. पंपाच्या दुकानापासून त्यांनी या शब्दाचा धसका घेतला होता. ते म्हणाले, "हेड म्हंजे उंची ना जी? आमची नहर त उताराची हाये. पानी चढवाचं नाही, उतरवाचं हाये."

टेबलामागे हसू उमटलं. या वेळी मी हसलो नाही. कारण हे हेड मला माहीत होतं. त्यावरच माझी चाळीस वर्षं गेली होती.

सरकारी हिशेबात पैसा कशासाठी खर्च करायचा त्या सदराला हेड म्हणतात. मराठीत लेखाशीर्ष. लघुपाटबंधाऱ्यांचं प्रधान शीर्ष २७०२, आणि भांडवली कामं असतील तर ४७०२. त्याखाली उपप्रधान, मग गौण, मग उपशीर्ष, अशा सहा पायऱ्या उतरत पंधरा आकडी नंबर तयार होतो. रावणाला दहाच डोकी होती आणि ती सगळी एका धडावर होती. इथे एका डोक्याचा पैसा दुसऱ्या डोक्याला सहजासहजी देता येत नाही. नियम वाईट नाही. सार्वजनिक पैसा ज्या कामाचा त्याच कामाला लागावा म्हणून तो केलेला आहे, आणि मी स्वतः तो प्रामाणिकपणे पाळला आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा मी तो टेबलाच्या अलीकडून ऐकला. नवीन कामाच्या हेडवर पैसा होता, दुरुस्तीच्या हेडवर नव्हता. म्हणजे नवी नहर खोदता आली असती, जुनीचं भोक बुजवता येत नव्हतं. चाळीस वर्षांत हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, आणि त्यांतले किती जण आपल्या डोक्यावरून हात फिरवत जिना उतरले असतील, याचा हिशेब कुठल्याही हेडखाली लागत नाही.

तेवढ्यात गृहस्थ पुन्हा म्हणाले, "शिवाय तुम्ही टेलला येता. हेडवाल्यांचं झाल्याशिवाय टेलला पाणी पोचत नाही."

मामांनी बाहेर आल्यावर मला विचारलं, "टेल म्हंजे काय गा?"

मी म्हटलं, "शेपूट, मामा."

मामा काही बोलले नाहीत. चार पावलं चालून गेल्यावर म्हणाले, "बाप्पा! म्हंजे डोस्कं तिकडं, अन् आमी शेपूट."

वाचकहो, तुम्ही म्हणाल, हे काय शब्दाला शब्द धरून बसणं! नहरीच्या दोन टोकांना काहीतरी म्हणायला हवं. कबूल. पण आपल्या पाणलोटाच्या कामांत एक जुनी बोली आहे, 'माथा ते पायथा'. डोंगराच्या माथ्यापासून पाणी अडवत, जिरवत पायथ्यापर्यंत यायचं. त्यातही एक टोक डोकंच आहे, पण दुसरं टोक पाय आहे. ही कल्पना माणसाच्या अंगाची आहे. पायाला काटा रुतला तर पाणी डोळ्यांना येतं आणि डोकं ताबडतोब खाली वाकतं. 'हेड ते टेल' ही कल्पना जनावराच्या अंगाची. शेपटीला कुणी हिंग लावून विचारत नाही. तिचं काम माश्या वारण्याचं.

पाणीवाटपाच्या शहाण्या लोकांनाही हे ठाऊक होतं. म्हणूनच तर पाणी शेपटाकडून डोक्याकडे द्यावं, आधी शेवटच्या शेतकऱ्याला भिजवावं, असं ते सांगत आले. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा २००५ साली झाला, त्यात पाणीवापर संस्थेच्या कारभारी मंडळींत तिन्ही भागांतले प्रतिनिधी असावेत अशी तरतूदही आली. मराठीत त्या भागांची नावं काय? शीर्ष, मध्य आणि पुच्छ! आमच्या भाषाशुद्धीवाल्या स्नेह्यांना मी हे मुद्दाम दाखवलं. टेलचं पुच्छ केलं की शेतकऱ्याच्या बांधीत जास्त पाणी येतं का? मामांना 'टेल' कळलं नव्हतं. 'पुच्छ'ही कळलं नसतं. कळलं असतं तर आधी इंग्रजीतून अपमान झाला, आता संस्कृतातून झाला, एवढाच फरक पडला असता.

तेव्हा माझं भांडण 'हेड'शी नाही, हे आता स्पष्ट करायला हवं. आपल्या भाषेने सरकार पचवलं, हेड गास्केट पचवलं. मेकॅनिकचा पोऱ्या हेड म्हणतो तेव्हा बोट ठेवून दाखवतो. एका शब्दाला पन्नास अर्थ असण्यातही काही पाप नाही. जिवंत भाषा तशाच असतात. डोक्याला शंभर कामं, तर डोक्याच्या शब्दाला शंभर अर्थ. माझं भांडण आहे ते शब्दाची भिंत करणाऱ्यांशी. पन्नासातला नेमका कोणता अर्थ, ते ज्याला माहीत आहे तो सांगत नाही, आणि ज्याला माहीत नाही त्याला विचारायची लाज वाटते. या दोघांमध्ये जी नहर आहे ती फुटलेली आहे, आणि तिच्या दुरुस्तीला कुठल्याच हेडवर पैसा नाही.

आणि ही लाज आपण शाळेत शिकवतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. उत्तम झालं. पण मामांचा नातू ओट्यावर बसून काय घोकत होता? "हेड म्हणजे डोकं, हँड म्हणजे हात, टेल म्हणजे शेपूट." एका शब्दाला एक अर्थ, त्याला एक मार्क. हेच पोर उद्या पंपाच्या दुकानात जाईल तेव्हा आज्यासारखंच 'दोन' म्हणेल, आणि कचेरीत जाईल तेव्हा आज्यासारखंच डोक्यावरून हात फिरवेल. त्याला पाठ करून देण्यापेक्षा एवढंच शिकवा की समोरच्याने 'हेड' म्हटलं की मान वर करून विचारायचं, "साहेब, कोणतं हेड?" इंग्रजी आलं की नाही ते मागाहून पाहू. माणूस ताठ उभा राहायला शिकेल.

त्या वर्षी मामांनी आणि नहरीच्या टोकाच्या पाच-सात जणांनी मिळून ते भगदाड स्वतःच बुजवलं. मातीच्या घमेल्यांची रांग लागली. सगळी घमेली डोक्यावरूनच गेली. त्या कामाला हेडलोड म्हणतात असं मला आठवलं, पण मी ते बोललो नाही. उशिरा का होईना, अर्धी रोवणी झाली. उरलेली बांधी तशीच पडली.

निघताना मामा माझ्या पाया पडायला वाकले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पुण्या-मुंबईच्या मंडळींना हे उलटं वाटतं. दर वेळी मला संकोच होतो, त्या दिवशी फार झाला. ते पांढरं डोकं माझ्या पायांपाशी आलं तसं मी अर्ध्यातच त्यांना धरलं.

"राहू द्या, मामा."

"पडू दे ना बाबू," मामा हसून म्हणाले. "इथं तरी कोनी हेड किती म्हनून इचारत नाही."